नरारा (जामनगर): तारीख कशी काढावी? आईला नेता येईल का?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. डिसेंबरात पुन्हा जामनगरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात, नराराला ओहोटीत प्रवाळ बघायला जायचं आहे. सोबत मुलगी आणि माझी आई, वय ७१.

गेल्या वर्षी चूक झाली. सुट्टी बघून तारीख काढली, तिथी बघितलीच नाही. नेमकी अष्टमी. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, पाणी पुरतं ओसरलंच नाही. अर्ध्या तासात गाइडभाई म्हणाले, ‘चालो, पाणी आवे छे.’ मुलगी तेव्हा एका डबक्याशी उकिडवी बसली होती, हात मागे बांधून, कारण कशालाही हात लावायचा नाही हे आधीच बजावलेलं. तळाशी एक शंख होता. तो हळूच हलला, आतून खेकड्याचे दोन पाय बाहेर आले, आणि तिला उठावं लागलं. जामनगर येईपर्यंत ती बोलली नाही.

ती आता प्राणिशास्त्र शिकतेय. याच कच्छच्या आखातात मिठापूरला २०२० साली झूलॉजिकल सर्व्हे आणि वनखात्याने लोखंडी सांगाड्यात सौम्य वीज सोडून प्रवाळ वाढवायचा प्रयोग केला, ते वाचून तिने प्रवाळांचा ध्यास घेतलाय. म्हणून या खेपेला तिला पोटभर बघू द्यायचंय.

पौर्णिमा-अमावास्येच्या पुढेमागे उधाणाची ओहोटी मोठी, एवढं कळलं. पण ती उजेडात येणारा दिवस कसा शोधायचा? आणि गुडघे दुखणाऱ्या आईला प्रवाळांवरून चालवेल का?

उत्तर:
ताई, आधी ओख्याच्या, म्हणजे याच आखातातल्या बंदराच्या, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, मग रेल्वेचं तिकीट काढा. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे एक दिवस चुकला तरी गणित बिघडतं. ओसरत्या पाण्यामागोमाग आत जायचं आणि पाणी वळायच्या आत मागे फिरायचं. नराराची नेमकी वेळ गाइडकडून पक्की करून घ्या. चपला नकोत, घट्ट बूट घाला. खाली खडबडीत आणि निसरडं असतं.

आईंना तिथे चालवू नका. त्यांना खिजडियाच्या पक्षी अभयारण्यात न्या, जामनगरपासून बारा किलोमीटर. बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं, दोन्हीकडे पक्षी. माझ्या सासूबाई हिवाळ्यात तिथे क्रौंच बघत तासभर खुर्चीवर बसल्या होत्या.