ग्रँड मरे: दोन दिवस गावात काढावेत की सरळ बाउंड्री वॉटर्समध्ये शिरावं?

शर्वरी:
आमच्या मिनीॲपोलिसच्या ग्रूपमध्ये दर उन्हाळ्यात हा वाद होतो म्हणून इथे मांडतेय. बाउंड्री वॉटर्सची, म्हणजे मिनेसोटाच्या उत्तरेला कॅनडाच्या सीमेवर असलेल्या तळ्यांच्या राखीव रानाची, ट्रिप ठरली की निम्म्या लोकांचं एकच, सुपीरिअर सरोवराकाठच्या ग्रँड मरेला थांबायचं कशाला, गॅस भरा, रेंजर स्टेशनवरून परमिट उचला आणि रानाकडे जाणाऱ्या गनफ्लिंट ट्रेलच्या रस्त्याला लागा. मला हे बिलकूल पटत नाही. जेमतेम तेराशे-चौदाशे वस्तीचं गाव आहे, मान्य. पण मागच्या वर्षी आम्ही मुद्दाम दोन रात्री तिथे राहिलो आणि पुढची सगळी ट्रिपच वेगळी वाटली.

हायवे ६१ वर गावापासून मैलभर पूर्वेला १८९५ सालचं एक छोटंसं लाकडी चर्च आहे. तिथे चिपेवा सिटी नावाची ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांची वस्ती होती, आता त्यातलं ते चर्च तेवढं दिसतं. मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते. ज्या रानाला आपण 'माणसाचा स्पर्श न झालेलं' म्हणतो तिथल्या पोर्टेजच्या वाटा कुणी पाडल्या? एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कनू (वल्ह्याची हलकी होडी) खांद्यावर घेऊन जायच्या त्या वाटा याच लोकांच्या आणि त्यांच्या आधीच्यांच्या आहेत, फरचे व्यापारी नंतर त्याच वाटांनी गेले. हे मला रानात जाऊन कळलं नसतं, गावात कळलं.

रानवारा:
शर्वरीताई, भावना पोचल्या, पण मी पूर्ण विरोधात आहे. वर्षातून एकदा चार-पाच दिवस रजा मिळते, त्यातले दोन दुकानं आणि दीपगृह बघण्यात घालवायचे? दहा लाख एकरांहून मोठं रान, हजारच्या वर तळी, बहुतेक ठिकाणी मोटरबोटींना बंदी, आणि २०२० पासून जगातल्या मोजक्या डार्क स्काय सँक्च्युअरींपैकी, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेल्या जागांपैकी, एक. ते सोडून गावात हॉटेलच्या खोलीत झोपायचं?

आणि इतिहासच हवा असेल तर तो खांद्यावर घ्या ना. पोर्टेजची लांबी आजही रॉडमध्ये मोजतात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. पंचेचाळीस पौंडांची केवलरची कनू घेऊन शंभर रॉड चिखलातून चाललं की कळतं, नव्वद-नव्वद पौंडांची दोन-दोन गाठोडी पाठीवर घेऊन ते फरवाले कसे चालत असतील. म्युझियमची पाटी हे शिकवू शकत नाही.

मुक्ता:
माझी मुलं चार आणि सात वर्षांची, सोबत सासूबाई, त्यांचा गुडघा दुखतो. रानवारा, तुमचं 'खांद्यावर घ्या' आमच्यासाठी नाहीच. आम्ही गावातल्या आर्टिस्ट्स पॉइंटच्या काळ्या खडकांवर अख्खी दुपार बसलो. तो खडक साधारण १.१ अब्ज वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे हे मुलाला सांगितलं तर त्याने वाकून खडकाला कान लावला! सासूबाईंनी सुपीरिअरच्या पाण्यात पाय घातला आणि लगेच ओढून घेतला, जूनमध्ये सुद्धा बर्फासारखं गार असतं. आम्हाला इतकं जवळून ते सगळं मिळालं ते फक्त गाव आहे म्हणून.

एक मात्र सांगते, आत फक्त दिवसापुरतं वल्हवत जायचं असेल तर एंट्रीपाशीच स्वतः भरायचं परमिट असतं, फुकट. कोटा आहे तो रात्री राहणाऱ्यांसाठी, १ मे ते ३० सप्टेंबर. त्यामुळे हे किंवा ते असा प्रश्नच नाही खरं तर.

डुलूथकर:
मी एकशे दहा मैल अलीकडे, डुलूथला राहतो, वर्षातून चार-पाच वेळा जातो, म्हणून थोडं टोचेल असं बोलतो. गावात राहा म्हणणं सोपं आहे. पण उन्हाळ्यातल्या वीकेंडला खोल्या फुल, बंदरापाशी गाडी लावायला जागा नाही, आणि जे लोक आपल्याला जेवण वाढतात, खोल्या साफ करतात त्यांना राहायला घर मिळत नाही, घरं पाहुण्यांना भाड्याने जातात. या बाबतीत मी रानवाराच्या बाजूने आहे, रानात निदान गर्दीला मर्यादा आहे, एका ग्रूपमध्ये नऊ माणसं आणि चार कनू, बस. गावाला तशी मर्यादा कोण घालणार? जायचंच तर ऑक्टोबरच्या शेवटी जा, वारा सुटलेला असतो, लाटा खडकांवर आपटत असतात, आणि दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

शर्वरी:
डुलूथकर, घरांचा मुद्दा बरोबर आहे, मी त्याचा विचारच केला नव्हता. पण त्यावर उपाय म्हणून गावातून नुसतं गाडी हाकत निघून जायचं, याने त्या लोकांचं काय भलं होणार? आम्ही नॉर्थ हाउस फोक स्कूलमध्ये एक दिवसाचा लाकूड कोरायचा क्लास केला. १९९७ पासून ते बंदरावर हातकाम शिकवतात, अगदी कनू बांधण्यापर्यंत. ते पैसे गावातच राहिले ना.

रानवारा, तुला एकच विचारते. २००७ ची हॅम लेकची आग आठवते? एका कॅम्पफायरमधून सुरू झाली, सीमेपलीकडचं धरून सुमारे पंचाहत्तर हजार एकर जळलं, गनफ्लिंट ट्रेलवरची शंभराहून जास्त बांधकामं गेली. त्याआधी ४ जुलै १९९९ च्या वादळाने कोट्यवधी झाडं आडवी केलेली, ती तशीच वाळत पडलेली. ज्यांनी तळ्यातलं पाणी उचलणारे स्प्रिंकलर छपरांवर बसवले होते त्यांची बरीच घरं वाचली. या लोकांशी न बोलता तू त्यांच्याच दारावरून सत्तावन्न मैल वर जातोस आणि तिथे शेकोटी पेटवतोस. मला हे चुकीचं वाटतं.

रानवारा:
आगीचं मला माहीत होतं, स्प्रिंकलरचं नव्हतं. तरी माझं मत बदललेलं नाही, गाव बघून रानाची भूक भागत नाही. सॅगनागा तळ्यावर रात्री लून पक्षी ओरडतो ना, समोरच्या काठावर एकही दिवा नसताना, ते ऐकायला मी दुसरं काहीही सोडेन.

पण परतीच्या दिवशी थांबता येईल. दमलेलो असतो, घाई नसते. सकाळी लवकर बाहेर पडलो तर दुपारपर्यंत गावात. ते चर्च नेमकं हायवेच्या कुठल्या बाजूला आहे, तळ्याच्या की डोंगराच्या?

मुक्ता:
आणि शर्वरी, त्या कोरायच्या क्लासला सात वर्षांच्या मुलाला घेतात का? चाकू हातात द्यायचा म्हणून विचारतेय.