नाटकाचा प्रयोग लावावा का? देणगी रोखीत घ्यावी का?

नौपाडाकर: आमच्या सेवा क्लबचं वर्ष ३० जूनला संपतं, खजिनदार मी. दिवाळीत फराळ विकला (उरलेल्या चकल्या महिनाभर मीच खात होतो), फेब्रुवारीत रक्तदान शिबिर घेतलं, येऊरच्या आदिवासी पाड्यांवर मुलांना वह्या दिल्या. पुढच्या वर्षासाठी ठाण्याच्या गडकरी रंगायतनला नाटकाचा प्रयोग लावायचा विचार आहे. लोक रोख देतात आणि ८०जीची (देणगीवर आयकरात सूट देणाऱ्या कलमाची) पावती मागतात. काय करू?

कळव्याचा काका: २००० रुपयांच्या वर रोख दिली की ८०जीची सूट नाही. चेक किंवा यूपीआयच घ्या. नाटकाचं तिकीट म्हणजे देणगी नव्हे, त्यावरून आमच्याकडे भांडणं झालीत.

वर्तकनगरची मावशी: प्रयोगाचं तुम्ही बघा. पण वह्या नेण्याआधी विचारलंत का? आम्ही दोन खोके घेऊन गेलो, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "ताई, छत्र्या आणल्या असत्या तर..." रक्तदान मेमध्ये पुन्हा घ्या. सुट्टीत रक्त कमी पडतं, आणि पुरुषांना तीन महिन्यांनी परत देता येतं.

नौपाडाकर: मावशी, नाही विचारलं. रविवारी येऊरला जातो, रिकाम्या हाताने.