विहिरीत निघालेला दगड आणि आजीचं जातं फ्लॅटमध्ये कसं मांडू? (सोलापूर)

बाळीवेशीतली
नमस्कार मंडळी. बाळीवेशीतलं आमचं जुनं घर पाडलं, तेव्हा आजीचं जातं आणि पाटा-वरवंटा मी जुळे सोलापुरात फ्लॅटवर घेऊन आले. दोन वर्षं दोन्ही बाल्कनीत पोत्याखाली पडून आहेत. त्यात या मे महिन्यात शेतातली विहीर खोल केली. सुरुंगाच्या ढिगाऱ्यात नारळाएवढा एक काळा दगड दुभंगून पडला होता. आतून पोकळ, पोकळीला हिरवं अस्तर, आणि त्यावर फिकट गुलाबी, मोत्यासारखी चमक असलेले स्फटिक, पेंढी बांधल्यासारखे मधे बारीक आणि टोकांना पसरलेले. आमचा गडी तो भरावात टाकायला निघाला होता, मी पदरात घेतला.

आता हॉलची एक भिंत या दगडांसाठीच ठेवायची आहे. दुकानातले रंगवलेले गोटे आणि विजेवरचं कारंजं मला नको आहे. स्फटिकांवरची माती कशी काढू? हिरवं शेवाळ घालवायला तारेचा ब्रश चालेल का? आणि जातं नुसतं कोपऱ्यात ठेवलं तर अडगळ वाटेल, त्याचं काय करू?

होटगीरोड
ताई, ब्रश आधी खाली ठेवा! ते शेवाळ नाही. बाकी मास्तर सांगतील.

भूगोलाचे_मास्तर
होटगीरोड बरोबर बोलले. तो हिरवा थर बहुतेक सेलॅडोनाइट नावाचं खनिज आहे. आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांना ते बऱ्याचदा आतून लागलेलं असतं. घासलं की भुकटी होऊन जातं आणि परत येत नाही. मला हे पटकन सांगावंसं वाटतं, कारण माझ्याकडचा पहिला चांगला नमुना मी एका दुकानात स्वच्छ करायला दिला होता. त्यांनी ॲसिडमध्ये बुडवला. हिरवं गेलं, स्फटिकांची चमक गेली, हातात पांढरट खडबडीत ढेकूळ आलं.

सोलापूर बसलंय ते दख्खनच्या लाव्ह्यावर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्यांत झिरपून स्फटिक वाढले. पेंढीचा आकार आणि मोत्याची चमक म्हणताय त्यावरून तुमचे स्फटिक म्हणजे स्टिलबाइट नावाचं खनिज वाटतं. खात्रीसाठी एखादा सुटा पडलेला कण काचेच्या तुकड्यावर ओढून बघा. गारगोटी काचेवर ओरखडा काढते, स्टिलबाइट काढत नाही. म्हणजेच तो मऊ आहे. जुना दात घासायचा मऊ ब्रश, साधं पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आणि सावलीत वाळवणं, एवढंच करा. त्याच्या रचनेतच पाणी असतं, म्हणून हीटर-शेगडीपासून लांब ठेवा. तेल अजिबात लावू नका, आपल्याकडची धूळ त्यावर चिकटून बसते.

दिवा वरून नको. एका बाजूने, दगडाच्या उंचीला, पिवळसर उजेडाचा लावा. मग पोकळीत सावल्या पडतात आणि प्रत्येक पेंढी वेगळी दिसते. आणि कधी जमलं तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून या. आपल्याच खाणीतले आणि विहिरीतले दगड तिथे कसे मांडलेत ते बघून डोळा तयार होतो.

टाकीघाव
जात्याबद्दल मी बोलतो, आमच्या घरी तीन पिढ्या पाथरवटाचं काम. ताई, एक विनंती: जातं नव्याने टाकवून (छिन्नीने खाचा पाडून) घेऊ नका, पॉलिशही करू नका. वरची तळी उचलून खालची बघा. जिथे दाणा फिरून फिरून दगड गुळगुळीत झालाय, तिथे बोट फिरवा. आजीचं काम तिथे आहे. त्यामुळे दोन्ही तळ्या एकमेकींवर न ठेवता वरची भिंतीला तिरकी टेकवा, म्हणजे आतली बाजू दिसेल. खुंट्याचं भोक रिकामंच राहू दे.

खाली शहाबादी फरशीचा रफ कडेचा तुकडा घ्या. फरशीवाल्याकडे तुटके तुकडे पडलेले असतात. राखाडीवर काळा दगड जसा उठून दिसतो तसा लाकडी पॉलिशवर दिसत नाही. फक्त त्या फरशीवर लिंबू-व्हिनेगर सांडू नका, ती चुनखडीची, लगेच डाग पडतो. आणि वजन सांभाळा. काळा दगड एक घनफूट भरला तर ८० किलोच्या आसपास जातो. काचेच्या रॅकवर वगैरे विषयच नाही.

दगड बघायची सवय लावायची असेल तर हत्तरसंग कुडलला जा, भीमा-सीनेच्या संगमावर. शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग आहे तिथे, आणि १०१८ सालचा मराठी शिलालेख. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असताना. दुपारी अक्षरं सपाट दिसतात.

सीनाकाठ
भिंत भरायला नदीतले गोटे हवे असतील तर जपानी लोकांची सुइसेकी पद्धत बघा. दगड कापायचा नाही, कोरायचा नाही, फक्त नीट बसेल अशी लाकडी बैठक करायची. मी सीनेतून तीन वर्षांत चारच गोटे आणलेत. ओले असताना सगळेच सुंदर दिसतात, म्हणून घरी वाळवून आठवडाभर नजरेसमोर ठेवते. त्यानंतरही आवडला तरच राहतो, नाहीतर पुढच्या खेपेला परत नदीत. अभयारण्य, किल्ला, देवळाचं आवार इथून मात्र खडाही उचलू नका.

बाळीवेशीतली
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ब्रश फेकून दिला. काल काचेवर कण ओढला, ओरखडा नाही. मास्तर, स्टिलबाइटच दिसतोय. आज वरची तळी उचलली. आईने खालच्या तळीवर हात फिरवला आणि म्हणाली, उजवीकडची बाजू जास्त झिजलीय, आजी कायम त्याच बाजूला बसायची. तळीवरच्या टाकीच्या खाचांत अजून ज्वारीचं पीठ आहे, दगडासारखं घट्ट झालेलं. टाकीघावदादा, ते काढू की राहू दे?

टाकीघाव
राहू दे. किडे होऊ नयेत म्हणून दोन दिवस कडक उन्हात ठेवा, फक्त जातं हं, मास्तरांचा स्टिलबाइट नाही. मग घरात घ्या.