मदत हवी आहे: हनिमूनसाठी बाली की मालदीव? लवकर सांगा

उजनीकाठ (२१ एप्रिल, रात्री ११:४२)
नमस्कार मंडळी. लग्न ठरलंय, हनिमूनला परदेशात जायचंय. बाली की मालदीव, एवढंच सांगा. चार दिवस व्हिडिओ बघून डोकं भणाणलंय. एजंटने मालदीवचं पॅकेज धरून ठेवलंय, परवापर्यंत ॲडव्हान्स भरा म्हणतो. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास आहे. तिला सरप्राइज द्यायचंय, त्यामुळे तिला विचारता येत नाही. पाण्यावरची लाकडी खोली, दार उघडलं की समुद्र, असं माझ्या डोक्यात आहे. प्लीज लवकर.

चहाबाज
मालदीव. डोळे मिटून मालदीव. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, पाणी इतकं नितळ की खोलीच्या पायरीवर बसून मासे दिसायचे. भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो. फक्त निघण्याआधी ९६ तासांत त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. बाकी कसलाच व्याप नाही.

पायाला_भिंगरी
अभिनंदन! पण महिना कोणता, बजेट किती, किती रात्री, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. चहाबाज, तुमचा फेब्रुवारी होता हो. मे ते ऑक्टोबर तिकडे आपल्यासारखाच नैर्ऋत्य पावसाळा असतो. रोज दिवसभर पडतो असं नाही, पण आभाळ भरलेलं आणि समुद्र खवळलेला असू शकतो. आधी महिना सांगा.

उजनीकाठ (२२ एप्रिल, सकाळी ७:१०)
सॉरी, लिहायचं राहिलं. लग्न १७ मेला. मग सत्यनारायण, जागरण-गोंधळ, तुळजापूर. म्हणून १ जूनला निघायचं, ६ रात्री. बजेट दोघांचं विमानासकट अडीच लाख, ताणून पावणेतीन. मी शाकाहारी आहे, ती मासे खाते. आता सांगा, बाली की मालदीव? ॲडव्हान्स उद्या द्यायचाय.

हिशेबी
ॲडव्हान्स देऊ नका. आधी एजंटकडून चार गोष्टी लेखी घ्या.
बेटावर स्पीडबोटीने नेणार की सीप्लेनने (पाण्यावर उतरणारं छोटं विमान)? सीप्लेन असेल तर भाडं पॅकेजमध्ये आहे का? आम्हाला माणशी चारशे डॉलरच्या वर पडलं होतं, जाऊन-येऊन. शिवाय सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान संध्याकाळी मालेला पोचलं तर पहिली रात्र मालेच्या एखाद्या साध्या हॉटेलात जाते, आणि पाण्यावरच्या खोलीचे पैसे मात्र त्या रात्रीचेही लागू शकतात.
रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर ग्रीन टॅक्स आहे. दोघांचे सहा रात्रींचे १४४ डॉलर. तो धरलाय का?
जेवण कोणतं? बेटावर दुसरं हॉटेल नसतं, रिसॉर्ट सांगेल तो भाव.
आणि टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल होणारा आयकर. परदेशी पॅकेजवर तो कापतातच. रिटर्न भरताना वळता होतो, पण आत्ता खिशातून द्यावा लागतो.
एवढं सगळं धरून सहा रात्री अडीच लाखांत पाण्यावरची खोली मिळत असेल, तर काहीतरी वगळलेलं आहे हे नक्की.

चहाबाज
तुम्ही घाबरवताय त्यांना. माफुशीसारख्या स्थानिक बेटावर, म्हणजे जिथे तिथलेच लोक राहतात, गेस्टहाउस घ्या, निम्म्यात होतं. आमचे मित्र राहून आले.

हिशेबी
होतं, पण त्यांना पाण्यावरची खोली हवीय आणि ती गेस्टहाउसला नसते. शिवाय स्थानिक बेटावर दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांत फिरायला वेगळा किनारा आखून दिलेला असतो. वाईट काहीच नाही त्यात, पण हनिमूनला जाणाऱ्याला हे आधी माहीत हवं.

आल्प्सप्रेमी
दोन्ही सोडा. स्वित्झर्लंडला जा. जूनमध्येही युंगफ्राउयोखला बर्फ असतो, ३४५४ मीटरवर रेल्वे जाते. इंटरलाकेनला रूम घ्या. आयुष्यात एकदाच हनिमून होतो.

पायाला_भिंगरी
स्वित्झर्लंडला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला अर्ज दिल्यावर साधारण १५ दिवस लागतात, त्याआधी अपॉइंटमेंट मिळायला हवी. ही सुट्टीच्या तोंडची गर्दी. लग्नाच्या धामधुमीत पासपोर्ट व्हिसा सेंटरवाल्यांकडे अडकून राहिला तर जीव टांगणीला. आणि पावणेतीन लाखांत दोघांचं युरोप? जमणार नाही.

आल्प्सप्रेमी
मी दोन लाखांत केलं होतं.

पायाला_भिंगरी
कोणत्या साली ते पण लिहा.

मोगरा६२
बाळा, कुठे जायचं ते नंतर. दोघांचे पासपोर्ट उघडून तारीख बघितलीस का? माझ्या भाचीचं तिकीट काढून झालं होतं, विमानतळावर कळलं की पासपोर्टला चारच महिने उरलेत. काउंटरवरूनच परत पाठवलं. रडत घरी आली पोरगी.

उजनीकाठ (२२ एप्रिल, दुपारी १:२५)
काकू, माझा दोन वर्षांपूर्वीचाच आहे. तिचा तिने कॉलेजात असताना काढला होता, एका ट्रिपसाठी, ती ट्रिप झालीच नाही. आत्ता तिच्या भावाला गुपचूप फोटो पाठवायला सांगितला. १४ ऑक्टोबरला संपतोय. जूनच्या सहलीला चालेल ना?

हिशेबी
बालीला नाही चालणार. इंडोनेशियाला उतरायच्या दिवसापासून किमान ६ महिने लागतात. तुमचे साडेचार भरतात. इतर देशांचे नियम वेगळे असले तरी चेक-इनला विमान कंपनी हुज्जत घालू शकते. पहिल्या परदेशवारीत तो धोका नको. नवा करून घ्या. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून री-इश्यू होतो. ३६ पानी पासपोर्टचे १५०० आणि तत्काळचे जादा २०००, म्हणजे ३५००. आज अर्ज भरला तर लग्नाआधी हातात येईल.

रानवाट
आणि आता हळदीनंतरचं नवं आडनावच घालून टाका ना पासपोर्टवर, दोनदा खर्च कशाला?

हिशेबी
लग्न व्हायच्या आधी नवऱ्याचं आडनाव कसं घालणार? आहे तेच नाव ठेवा. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव, अक्षर न अक्षर तेच.

रानवाट
लग्नानंतर पंधरा दिवस आहेत की मध्ये.

मोगरा६२
अगं, त्या पंधरा दिवसांत नोंदणीचा दाखला, मग अर्ज, मग पोलीस पडताळणी, होतंय होय? आणि नाव बदलायचंच हे कुणी ठरवलं? माझ्या सुनेने बदललेलं नाही. पासपोर्ट जुन्या नावावर, संसार सुखाचा चाललाय.

रानवाट
मी बदलायलाच हवं असं म्हटलं नाही. सासरी विचारतात म्हणून लिहिलं.

पायाला_भिंगरी
विवाह नोंदणी मात्र परतीची वाट न बघता करा. मालदीवची बरीच रिसॉर्ट हनिमूनवाल्यांना एखादं जेवण, खोलीची फुलांची सजावट असं काही देतात, पण दाखला मागतात. मराठी लग्नपत्रिका दाखवून काम होत नाही, आम्ही दाखवून पाहिली.

उजनीकाठ (२२ एप्रिल, रात्री १०:०५)
तत्काळचा अर्ज मी तिच्या वतीने भरू शकतो का? तिला न सांगता?

हिशेबी
फॉर्म कुणीही भरेल, पण पासपोर्ट सेवा केंद्रात तिलाच जावं लागणार. फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतात.

वेंगुर्लेकरीण
म्हणजे सरप्राइज संपलं. मला विचाराल तर बरंच झालं. मुलगी कुठली आहे हो? तिला पोहता येतं का? बोट लागते का?

उजनीकाठ (२२ एप्रिल, रात्री १०:३१)
देवगडची आहे. पोहते, बोट लागत नाही. गाडी लागते थोडी, घाटात. पण याचा काय संबंध?

वेंगुर्लेकरीण
देवगडची! हे तुम्ही आधी का नाही लिहिलंत? जिचं बालपण समुद्राच्या गाजेत गेलं, जिच्या अंगणात मासे वाळत असतात, तिला तुम्ही सहा दिवस एका बेटावर नेऊन समुद्र दाखवणार आणि तोही जूनचा, पावसाळी? आम्हा कोकणातल्या माणसांना जूनचा समुद्र कसा असतो ते सांगावं लागत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत तिकडे कुणी बोट घालत नाही. पाण्यावरची खोली हे तुमचं स्वप्न आहे. तिचं काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का? रागावू नका, माझ्या नवऱ्याने मला असंच गोव्याला नेलं होतं. वेंगुर्ल्याहून गोव्याला! त्याला आनंद झाला होता म्हणून मी काही बोलले नाही. वीस वर्षं झाली, अजून आठवतं.

चहाबाज
मालदीवचा समुद्र आणि देवगडचा समुद्र यात फरक आहे.

वेंगुर्लेकरीण
असेल. तिला विचारू दे ना त्यांना.

सातासमुद्रापार
मॉरिशसचं नाव कुणीच घेतलं नाही. व्हिसा लागत नाही, मुंबईहून थेट विमान आहे. तुमची पाण्यावरची खोली सोडली तर सगळं आहे: ल मोर्नचा डोंगर थेट समुद्रातून उठलेला, शामारेलची सात रंगांची माती, धबधबे, उसाची शेतं. आणि तिथे मराठी लोक आहेत, दीडशे वर्षांहून जुने. शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, जिथे आपले मजूर जहाजातून उतरायचे. तिथल्या पायऱ्यांवर उभं राहिलं की गलबलून येतं.

रानवाट
गणपती तिथे किती दिवसांचा असतो? मूर्ती शाडूची करतात का? माझ्या आत्याचे शेजारी तिकडून आले होते, त्यांची आरती आपल्यासारखीच, उच्चार जरा वेगळे.

सातासमुद्रापार
चाल तीच. कासकाव्हेल गावात मराठी घरं बरीच आहेत, गेलात तर चतुर्थीला जा, भारावून जाल.

पायाला_भिंगरी
गणपतीसाठी वेगळा धागा काढा हो, वाचायला आवडेल. पण जूनमध्ये मॉरिशसला हिवाळा असतो. दिवसा २४-२५ अंश, फिरायला झकास, पण पाणी गार आणि पूर्व किनाऱ्यावर वारा बोचरा. गेलातच तर पश्चिमेला राहा.

उजनीकाठ (२५ एप्रिल, रात्री ९:५०)
तीन दिवस आलो नाही. तिला सांगितलं. पासपोर्टपासून सगळं. आधी ती गप्पच झाली, मला वाटलं चिडली. मग म्हणाली, "माझ्यासाठी तू माझ्या भावाला फितवलंस?" आणि हसली.
वेंगुर्लेकरीण ताई, तुमचं खरं निघालं. तिला डोंगर हवाय. भातशेती, धुकं, सकाळी उशिरा उठणं आणि कुणी "चला, बस सुटतेय" असं ओरडणार नाही असं काहीतरी. मी आयुष्यात समुद्र तीनदा पाहिलाय, म्हणून मला तोच सुचत होता. ती म्हणाली तुझा समुद्रही असू दे दोन दिवस. एजंटला नकार कळवला, तो फोनवर आवाज चढवून बोलला, पण पैसे दिले नव्हते.
आता बाली ठरतंय. स्वतःच बुकिंग करणार आहोत. कुठे राहू?

पायाला_भिंगरी
हे आवडलं! जूनचा पहिला आठवडा बालीला उत्तम, कोरडा हंगाम असतो आणि ऑस्ट्रेलियातल्या शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी अजून सुरू झालेली नसते. चार रात्री डोंगराकडे, दोन समुद्राकडे करा.
उबुदला सगळे जातात, पण मध्यवस्तीत ट्रॅफिक फार. दोन रात्री उबुदच्या बाहेर भाताच्या खाचरांत राहा आणि दोन सिडेमेनला. सिडेमेनला सकाळी खोलीसमोर आगुंग ज्वालामुखी दिसतो आणि पाटाच्या पाण्याचा आवाज सोडून काही ऐकू येत नाही. एक दिवस जातिलुविहची पायऱ्यापायऱ्यांची शेती बघा. तिथली पाणीवाटप पद्धत, सुबक म्हणतात तिला, शेकडो वर्षं शेतकरी आणि देवळं मिळून चालवतात. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलीय. तुम्ही उजनीकाठचे, पाण्याची पाळी म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.
शेवटच्या दोन रात्री उलुवातू. कड्यावरचं देऊळ, सूर्यास्ताला केचक नृत्य. वाद्य एकही नसतं, पन्नास-साठ पुरुष गोल बसून तोंडानेच ताल धरतात आणि मध्ये रामायण चालतं. चष्मा असेल तर जपा, तिथली माकडं डोळ्यांवरून ओढून नेतात.

हिशेबी
व्हिसा उतरल्यावर मिळतो, माणशी ५ लाख रुपिया, आधी ऑनलाइनही काढता येतो. बालीचा पर्यटक कर वेगळा, माणशी दीड लाख रुपिया. आकडे बघून घाबरू नका, तिकडच्या लाखाचे आपले पाच-सहाशे होतात. परतीचं तिकीट दाखवायला जवळ ठेवा. विमान सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे घ्याल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर मध्ये सामान सोडवायला अडकाल.

चहाबाज
स्कूटर घ्या भाड्याने, मजा येते.

मोगरा६२
मुळीच नको. नव्या नवरीला घेऊन परक्या रस्त्यावर स्कूटर? पडलात आणि परवान्याची कागदपत्रं पुरी नसली तर विमा पैसे देत नाही. गाडी आणि ड्रायव्हर दिवसाचा घ्या.

पायाला_भिंगरी
काकूंशी सहमत. आम्हाला दहा तासांचे साडेसहा लाख रुपिया पडले, आपले साधारण साडेतीन हजार. तिला गाडी लागते म्हणालात, सिडेमेनचा रस्ता वळणाचा आहे. तिला पुढे बसवा, निघण्याआधी गोळी द्या.

रानवाट
मेतकूट, भाजणी आणि छोटी किटली न्या. थालीपिठाचं पीठ मात्र डब्यात घट्ट बांधा.

उजनीकाठ (२६ एप्रिल, सकाळी ८:१५)
तत्काळची अपॉइंटमेंट २९ तारखेची मिळाली, ठाण्याची, ती तिथेच नोकरीला आहे. मी सुट्टी टाकून सोबत जातोय. नाव आहे तेच ठेवतोय, आईशी मी बोललो. तिकिटं पासपोर्ट हातात आल्यावरच काढणार.
शेवटचं एक, मला शाकाहारी काय मिळेल?

पायाला_भिंगरी
उपाशी राहणार नाही. टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी, ती तर तुम्हा सोलापूरकडच्यांना घरचीच वाटेल. फक्त लाल चटणीत, सांबलमध्ये, बहुतेक वेळा कोळंबीचा गोळा घातलेला असतो. त्याला तेरासी म्हणतात. ऑर्डर देताना "तानपा तेरासी" म्हणा, म्हणजे तेरासी नको. मासे आणि अंडंही नको हे वेगळं सांगा.

वेंगुर्लेकरीण
आणि तिला जिंबरानला न्या एका संध्याकाळी. वाळूत टेबलं मांडून निखाऱ्यावर मासे भाजून देतात. तुम्ही शहाळं प्या.