आरव्ही (आत राहता-झोपता येतं अशी मोठी गाडी) घेऊन मुलांकडे जायचं म्हणतोय, कोणी केलंय का?

निवृत्त_नाना

नमस्कार मंडळी. मी ६७, सौ. ६४. न्यू जर्सीत एडिसनला एकतीस वर्षं झाली, मागच्या डिसेंबरात रिटायर झालो, सौ. माझ्या आधीच झाली होती. मुलगी नेपरव्हिलला, म्हणजे शिकागोच्या बाजूला, तिची दोन लहान आहेत, मुलगा सिएटलला. दर उन्हाळ्यात विमानाने जातो, दोन-तीन आठवडे राहतो, पहिले चार दिवस कौतुक होतं मग जावयांचं वर्क फ्रॉम होम म्हणून आम्ही घरात पाय न वाजवता फिरायचं, टीव्ही म्यूटवर, आणि सौ. ला दुसऱ्याच्या किचनमध्ये हिंगाची डबी सापडत नाही. मुलं गुणी आहेत हो, तक्रार नाही, पण पाहुणा तो पाहुणाच.

तर गेल्या वर्षी पोकोनोजला कॅबिन घेतली होती तिथे समोर एक गोरं जोडपं आरव्ही घेऊन आलं, दोघंही सत्तरीच्या पुढचे. दुपारी तीनला आले, अर्ध्या तासात वायर-पाणी जोडून खुर्च्या टाकून बसले पण. ओरेगनहून निघाले होते, वाटेत तीन मुलं आणि एक बहीण असं सगळ्यांकडे थांबत थांबत. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय. जूनमध्ये निघायचं, तीन आठवडे नेपरव्हिल, मग साउथ डकोटा, यलोस्टोन करत सिएटल, आणि गणपतीच्या आत घरी.

विचारायचं असं की विकत घ्यावी का भाड्याने? केवढी घ्यावी? मुलीच्या ड्राइव्हवेत लावून खरंच राहता येतं का? मी आजवर कॅमरीपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही, त्याआधी साताऱ्यात लूना. सौ. चा एकच प्रश्न आहे, "ह्या वयात संडासाची टाकी कोण उपसणार?" ह्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ती बसणार नाही म्हणते.

ओहायोची_आत्या

नाना, टाकीचं नंतर बघू, आधी हे सांगा की गाडी रिव्हर्स घेताना मागे कोण उभं राहणार? आमच्याकडे मी असते. पहिल्या वर्षी मी हातवारे करायचे, हे आरशात बघायचे, मी "थांबा" म्हणून हात वर केला की ह्यांना वाटायचं "या या", एकदा पिकनिक टेबलच घेतलं मागे. आता फोन लावून स्पीकरवर ठेवतो आणि मी फक्त तीनच शब्द बोलते, डावीकडे, उजवीकडे, थांबा. एवढं ठरवून टाका, निम्मी भांडणं संपतात.

आमचा हा पाचवा उन्हाळा. क्लास सी घेतली आहे, २४ फुटी, जुनी, ती ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ना तशी. साधं लायसन चालतं. क्लास ए म्हणजे अख्खी बस, तिच्या वाटेला जाऊ नका, आणि क्लास बी ही व्हॅन, चालवायला सोपी पण तिच्यात दोघांनी एकदम उभं राहिलं तर एकाने श्वास आत घ्यायचा. लांबीचं आणखी एक सांगते, ग्लेशियर नॅशनल पार्कात गोइंग टू द सन रोड म्हणून जो घाटरस्ता आहे त्याच्या मधल्या भागात २१ फुटांच्या वरची गाडी सोडतच नाहीत, आम्ही तिथे जाऊन तोंड पाडून शटलमध्ये बसलो. ते शटलचं बरंच झालं म्हणा, ह्यांनी स्टिअरिंगऐवजी डोंगर बघितले.

आरव्हीवाल्यांचा एक तीन-तीन-तीनचा हिशोब असतो. दिवसाला तीनशे मैलांच्या वर नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामाला, आणि एका जागी तीन रात्री. आम्हाला तरुणपणीची सवय, एका दमात आठशे मैल, पहिल्या ट्रिपला तसंच केलं आणि अंधारात पोचून पाण्याचा नळ शोधत बसलो. एडिसन ते नेपरव्हिल साधारण आठशे मैल आहे, तीन दिवस धरा. आय-८० हायवेवरून ओहायोत शिरलात की टर्नपाईकच्या, म्हणजे टोल रस्त्याच्या, काही सर्व्हिस प्लाझांवर आरव्हीला रात्री थांबायची सोय आहे. आणि वाटेत आमचं घर आहे, चहा तरी घ्याच.

सीनिअर पास काढलाय का? ६२ च्या पुढच्या सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांना ८० डॉलरमध्ये जन्मभराचा मिळतो, नॅशनल पार्कची एन्ट्री सुटते आणि बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडवर निम्मे पैसे पडतात. फक्त माउंट रशमोरला एन्ट्री नाहीच आहे, तिथे पार्किंगचे घेतात आणि ते पासवर सुटत नाहीत, ह्यांनी तिथे उगाच वाद घातला. यलोस्टोनच्या आतलं बुकिंग फार आधी करावं लागतं. फिशिंग ब्रिजला पूर्ण हुकअप आहे, म्हणजे वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही, पण तिथे अस्वलांमुळे तंबूवाल्यांना घेत नाहीत, पक्क्या भिंतीची गाडीच लागते. ती जागा जवळपास ७७०० फुटांवर आहे आणि तिथे पाणी ९२ डिग्रीलाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजायची वाट बघू नका, मी दीड तास बघितली. कुकर न्याच.

आता मुलांकडचं. आम्ही मुलीच्या दारात गाडी लावतो. सकाळी साडेसहाला नातू पायजम्यातच दार ठोठावतो, "आजी युअर हाऊस इज ओपन?" म्हणून. माझ्या हातची पोळी गूळ-तूप लावून खातो आणि साडेसातला परत त्याच्या घरी जातो, त्याच्या आईला पत्ता नसतो. घरात राहायचो तेव्हा हे कधीच झालं नव्हतं, तेव्हा तिथे सकाळी सगळ्यांची पळापळ आणि आम्ही मध्ये मध्ये.

बंडखोर_सूनबाई

आत्यांनी गोड बाजू सांगितली, मी ड्राइव्हवेच्या मालकिणीची सांगते :)

नाना, सगळ्यात आधी मुलीला एचओएचे, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेचे, नियम वाचायला सांगा. माझे सासूसासरे दोन वर्षांपूर्वी टेक्सासहून आरव्ही घेऊन आले, आम्ही आरती-बिरती करून गाडी दारात लावली आणि तिसऱ्या दिवशी पत्र. आमच्याकडे आरव्ही ४८ तासच उभी करता येते, सामान चढवाय-उतरवायला, आणि तिच्यात झोपायचं तर नाहीच. कोणी कळवलं ते आम्हाला माहितीये, जाऊ दे.

दुसरं म्हणजे वीज. घरातला साधा प्लग १५ नाहीतर २० अँपचा, त्यावर अडॅप्टर लावून दिवे, पंखा, फोन चालतात, एसी नाही. सासऱ्यांनी दुपारी गुपचूप एसी लावला, गॅरेजचा ब्रेकर उडाला. तो ब्रेकर आमच्या डीप फ्रीझरचा पण होता हे दोन दिवसांनी कळलं. सहा नारळांचा खवलेला चव, उकडीच्या मोदकांसाठी ठेवलेला. मी काही बोलले नाही, पण सासूबाई बोलल्या, खूप बोलल्या.

तुम्हाला माहितीये ह्याला इंग्रजीत शब्द आहे, नातेवाईकांच्या दारात गाडी लावून त्यांचं वीज-पाणी वापरणं ह्याला आरव्हीवाले मूचडॉकिंग म्हणतात, म्हणजे शुद्ध फुकटेपणा! सासऱ्यांना सांगितल्यापासून ते अभिमानाने वापरतात.

तर शेवटी पंधरा मिनिटांवर स्टेट पार्क आहे तिथे जागा मिळाली, आणि खरं सांगते तेच जमलं. शुक्रवारी शाळा सुटली की मुलं त्यांच्याकडे, शेकोटी, गोष्टी, रविवारी संध्याकाळी धुरकट वासाची परत. मधल्या दिवशी सासूबाई जेवायला यायच्या आणि नऊला "चला आता आमच्या घरी" म्हणून उठायच्या. आधी घरात राहायच्या तेव्हा आम्ही दोघी एकमेकींना कंटाळायचो, हे दोघींनाही माहीत होतं, बोलायचं कोणी नव्हतं. म्हणून ड्राइव्हवेच्या भरवशावर निघू नका, जवळचं कॅम्पग्राउंड आत्ताच बघून ठेवा, पुष्कळ ठिकाणी बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि जुलैचे वीकएंड लगेच जातात. आणि किती दिवस राहणार ते आधी सांगा!! "बघू, मन रमेल तसं" हे उत्तर सुनेला देऊ नये.

डिझेलदादा

वहिनींच्या टाकीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. टाक्या तीन, स्वच्छ पाण्याची, ग्रे म्हणजे आंघोळ-भांड्यांची आणि ब्लॅक म्हणजे ती. उपसायचं काही नसतं, डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, पाईप लावायचा आणि व्हॉल्व्ह ओढायचा, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईप धुतला जातो. हुकअपला उभे असताना ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून देऊ नका, पाणी वाहून जातं आणि बाकीचं साचून दगड होतं, मग त्याचं काय करायचं ते मला विचारू नका, मी केलंय. ग्लोव्ह्ज जाड घ्या. काम दहा मिनिटांचं आहे आणि ते नानांचं आहे.

वीज, कॅम्पग्राउंडवर ३० अँपचं कनेक्शन धरलं तर ३० अँप गुणिले १२० व्होल्ट, झाले ३६०० वॅट. छतावरचा एसी १३ एक अँप खातो, इंडक्शन शेगडी फुल्लवर १५. त्यात मायक्रोवेव्ह लावलात की अंधार. पोळ्या करताना एसी बंद किंवा पोळ्या गॅसवर.

विकत घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी नाही. दहा दिवस भाड्याने घ्या, रेंटलला बऱ्याच ठिकाणी मैलामागे वेगळे पैसे लागतात ते आधी विचारा. क्लास सी गॅलनला ८-१० मैल देते, तुमचं जाऊन-येऊन सहा हजार मैल धरलं, नऊचं ॲव्हरेज आणि साडेतीन डॉलर भाव धरला तर २३०० डॉलरचं नुसतं पेट्रोल झालं. विमान स्वस्त पडतं, पैसे वाचतील ह्या समजुतीने कोणी आरव्ही घेऊ नये. जुनी बघायला गेलात तर टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, नक्षी कितीही नवी दिसली तरी सहा-सात वर्षांच्या वरचा टायर बदलायचा खर्च धरा. गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा आणि न्यूयॉर्क-कनेटिकटच्या पार्कवेंवर चुकूनही शिरू नका, तिथले पूल कॅमरीसाठी आहेत.

सिएटलची_माई

दादांनी अँप मोजले, चांगलं केलं. मी पोळ्या मोजते. आम्ही दोन उन्हाळे केलं आणि विकून टाकली. नाना, रिटायर तुम्ही झालात, पोळपाट नाही झाला. घरी असताना तीन बर्नर, मोठं सिंक, डिशवॉशर, तिथे हातभर ओट्यावर तोच स्वयंपाक, वर पाणी जपून वापरा, टाकी भरेल. हे खुर्ची टाकून नदी बघत बसायचे आणि म्हणायचे काय सुख आहे! मलाही नदी आवडते हो. दुसऱ्या वर्षी मी नियम केला, एक दिवस मी, एक दिवस हे, एक दिवस बाहेर. ह्यांच्या दिवशी पोहेच असायचे, पण असायचे.

आणि तब्येतीचं कोणी बोललं नाही. साधं मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर ते सगळ्या राज्यांत चालतं, खासगी कंपनीचा ॲडव्हांटेज प्लॅन असेल तर इमर्जन्सी कुठेही कव्हर होते पण नंतरचं दाखवणं-बिखवणं बहुतेक नेटवर्कमध्येच लागतं. मोंटानात ह्यांना किडनी स्टोन झाला, रात्री सत्तर मैल मी चालवली ती गाडी, तोपर्यंत मी कधी हातात घेतली नव्हती. वहिनींना आधी चालवायला शिकवा, मग निघा. इन्सुलिन वगैरे असेल तर हेही बघा की गॅसवर चालणारे जुने फ्रिज गाडी सपाट उभी नसेल तर नीट गार करत नाहीत. ऑगस्टमध्ये इकडे वणव्यांचा धूर असतो, कधी कधी आठवडाभर सूर्य तांबडा, दमा असेल तर जूनमध्येच सिएटल करून घ्या आणि शिकागो परतताना ठेवा.

आत्याबाईंचा नातू पोळी खायला येतो ते वाचून मात्र पोटात कालवलं. आमचा आता बारा वर्षांचा झाला, तो काही आता पायजम्यात यायचा नाही.

कोथरूडकर

इथे पुण्यात बसून वाचतोय. आपल्याकडे पण महाराष्ट्राची कॅरव्हॅन टुरिझम पॉलिसी २०२१ ला आली आहे. बायकोला म्हटलं आपणही गाडीत राहत फिरू, ती म्हणाली लग्नानंतर पाच वर्षं एसटीच्या लाल डब्यातून तुमच्या गावाला जात होते तेवढं पुरे.

निवृत्त_नाना

सगळ्यांचे आभार. धागा सौ. ला वाचून दाखवला. माईंच्या पोळपाटाच्या वाक्याला तिने मला परत वाचायला लावलं, दोनदा. मुलीला फोन केला, त्यांच्याकडे एचओए आहेच, ती नियम बघून सांगते म्हणाली आणि मग हळूच म्हणाली "बाबा किती दिवस?" सूनबाई, तुमची आठवण झाली, लगेच तारखा सांगितल्या.

ठरलं ते असं, आधी मे महिन्यात दहा दिवस भाड्याने, पेनसिल्व्हेनियातच, दोघांनी चालवायची. मग भाड्याचीच नेपरव्हिलपर्यंत, सिएटल यंदा विमानानेच. टाकी माझ्याकडे. एक दिवसाआड स्वयंपाकही माझ्याकडे असं दिसतंय, ह्यावर मी अजून हो म्हटलेलं नाही.

आत्या, कुकर केवढा नेऊ, तीन लिटर पुरेल का? आणि शिट्टीने गाडीतला गॅसचा अलार्म वाजत नाही ना?

ओहायोची_आत्या

दोघांना तीन लिटर भरपूर, नातवंडं आली की दोनदा लावायचा. शिट्टीने काही होत नाही हो, मिरचीच्या फोडणीने धुराचा वाजतो, रात्री दहाला सगळं कॅम्पग्राउंड उठवलंय मी. वरचा पंखा आधी चालू करा, दार उघडा आणि मग मोहरी टाका. दार मात्र अस्वलं नसतील तिथेच उघडा.