मदत हवी आहे : आमच्या सरांची आमदारकी कुठे शोधू?

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. यंदा शाळेचा अमृतमहोत्सव आहे, स्मरणिका निघतेय, आणि एका जुन्या सरांवरचा सहा पानी लेख माझ्या गळ्यात पडलाय. सर आमच्याकडे अकरा वर्षं होते. मग बाहेरगावी मुख्याध्यापक म्हणून गेले आणि तिकडच्या शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर निवडून आले. आता ते हयात नाहीत. घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव आणि मतदारसंघ इथे देत नाही.

अडचण अशी, की सर भरपूर मिळतात, आमदार मिळत नाही. माजी विद्यार्थ्यांना फोन लावला की सायकल, धोतर, खडूचा नेम, झालंच तर परीक्षेच्या आदल्या रात्री घरी बोलावून घेतलेली भूमिती. पाच पानं अशीच भरली. आणि सहा वर्षांची आमदारकी? "पुढे ते विधान परिषदेवर गेले व शिक्षकांचे प्रश्न हिरिरीने मांडले." एवढीच दीड ओळ. कुठले प्रश्न? सुटला का एखादा? संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी तर "मुख्यमंत्र्यांबरोबरचा फोटो टाका की" म्हणून विषयच मिटवला.

स्टाफरूममध्येही आनंदच आहे. एका सहकाऱ्याने विचारलं, "त्यांनी रस्ते कुठले केले?" जून २०२४ मध्ये आम्ही दोघांनीही नाशिक विभागाच्या शिक्षक मतदारसंघासाठी रांगेत उभं राहून मत दिलंय, जांभळ्या स्केच पेनने पसंतीक्रम लिहून! विधान परिषदेच्या ७८ पैकी ७ जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या. मतदार माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेला हवा. प्राथमिकच्या गुरुजींना मत नाही. गंमत म्हणजे उमेदवार मात्र शिक्षक असलाच पाहिजे असं नाही. म्हणून तर खडू हातात धरलेला माणूस सभागृहात जाऊन नेमकं काय करत होता, ते मला लिहायचंय.

तर :

१) सभागृहातली जुनी भाषणं आणि प्रश्न कुठे वाचायला मिळतात? मुंबईला जावंच लागेल का?

२) एखादा निर्णय सरांमुळे झाला असं कशाच्या आधारावर लिहावं? विनाअनुदानित शाळांना अनुदान "सरांनीच आणलं" असं तिघांनी सांगितलं. तिघांनी सांगितलेली सालं तीन.

सरांच्या पुतण्याने एक फाइल दिलीय, पण त्यात पाठकोऱ्या कागदांवर चूक की बरोबरची प्रश्नपत्रिका दिसतेय. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हे खरे आहे काय?" उपयोग नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी मजकूर छापखान्यात द्यायचाय.

प्रतिसाद १

ताई, विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कार्यवाही आणि प्रश्नोत्तरांच्या याद्या आहेत, तिथून सुरुवात करा. आधी सरांच्या सहा वर्षांतली अधिवेशनं लिहून काढा : अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी. नाही मिळालं तर शाळेच्या लेटरहेडवर विधानभवनाच्या ग्रंथालयाला पत्र द्या. नाशकातच सार्वजनिक वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं विचारून बघा. १८४० ची संस्था आहे, जुनं जपण्याची सवय आहे त्यांना.

प्रतिसाद २

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी शिक्षक संघटनेचं काम पंचवीस वर्षं केलंय. शासन निर्णयात आमदाराचं नाव शोधू नका, बहुधा नसतंच. अनुदान २०, ४० टक्के अशा टप्प्यांनी येतं, मागे मोर्चे असतात, उपोषणं असतात, आणि श्रेय घ्यायला दहा जण. एकेका प्रश्नाखालीही अनेक सदस्यांची नावं असतात. "सरांनी अमुक तारखेला विचारलं, मंत्र्यांनी हे उत्तर दिलं" एवढंच लिहा. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) आणि औचित्याचे मुद्दे (सभागृहात थोडक्यात मांडलेले विषय) हेही बघा, तिथे माणूस स्वतःच्या भाषेत बोलतो.

आणि बाई, ती फाइल प्रश्नपत्रिका नाही हो! तो तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, कच्चा खर्डा आहे. "सन्माननीय शालेय शिक्षण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" अशी सुरुवात, मग एकेक मुद्दा आणि शेवटी "हे खरे आहे काय". मंत्र्यांचं उत्तरही ठरलेलं : "हे अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही". कागदांवर शाळांची किंवा गावांची नावं असतील तर तुमचं सहावं पान तयार आहे.

धागाकर्ती

अरे देवा. दुसऱ्याच कागदावर "वेतन सात महिन्यांपासून थकलेले आहे, हे खरे आहे काय" असं होतं. मला वाटलं, सर नागरिकशास्त्राचा पेपर काढतायत.

दोघांचेही आभार. फाइल मी परवा शिपाईकाकांकडे दिली होती, "जुन्या प्रश्नपत्रिका" म्हणून. रद्दीवाला शनिवारी येतो. उद्या पहिल्या तासाच्या आधी शाळेत पोचते.