भाड्याच्या घराचा मेंटेनन्स कोणी भरायचा? आणि एजंटचं काय? (मुलुंड पूर्व)

गोदाकाठची: नमस्कार मंडळी. बदलीमुळे मुंबईत येतोय. मुलुंड पूर्वेला वन बीएचके पसंत पडलाय. भाडं ३२,०००, डिपॉझिट दीड लाख. इथवर ठीक. टोकन द्यायच्या वेळी मालक म्हणतात, मेंटेनन्सचे ३,६०० वेगळे. शिवाय भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जादा घेते, ते महिना १,००० पण तुमच्याकडे. एजंटला एक महिन्याचं भाडं, अ‍ॅग्रीमेंटचे ५,००० निराळे. आमचं बजेट सगळं धरून ३५,०००. मुंबईत रीत काय आहे? डोंबिवली सुचवू नका, नवरा ऐरोलीला, मी घाटकोपरला.

फास्टलोकल: डोंबिवलीत एवढ्यात टू बीएचके मिळेल, गॅलरीसकट. बघा बुवा.

वडापाव_कोरडा: मेंटेनन्स मालकाचा. मुंबईत हीच पद्धत. आपण भाडं, लाइटबिल आणि गॅसचं बिल भरायचं, विषय संपला. मी बोरिवलीला कधी एक रुपया दिला नाही.

लेकसाइड_व्ह्यू: आम्ही पवईत ८५,००० देतो, त्यात मेंटेनन्स, दोन पार्किंग, क्लबहाउस सगळं आलं. थोडं बजेट वाढवलंत तर असल्या कटकटी राहत नाहीत. मात्र ५०,००० च्या वर भाडं गेलं की आपल्यालाच २ टक्के टीडीएस (मालकाच्या वतीने आयकर) कापून भरावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

वडापाव_कोरडा: त्या ३५,००० म्हणाल्या आहेत हो. ८५ नाही.

सेक्रेटरी_नाइलाजाने: सोसायटीचं काम गळ्यात पडलंय, म्हणून सांगतो. मेंटेनन्स कोणी द्यायचा असा कायदा नाही, करारात लिहाल ते. सोसायटीचं बिल मेंबरच्या नावाने निघतं, थकलं तर आम्ही मेंबरला धरतो.

ते १,००० मात्र तपासा. त्याला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत. १० टक्के अख्ख्या बिलाचे नव्हेत! बिलात प्रॉपर्टी टॅक्स, पाणी, सिंकिंग फंड (बिल्डिंग पुढे नव्याने बांधायला साठवतात तो), रिपेअर फंड असं बरंच असतं. सर्व्हिस चार्जेस म्हणजे वॉचमनचा पगार, ऑफिसचा खर्च वगैरे. ३,६०० मध्ये ते समजा १,८०० असले तर झाले १८० रुपये. मालकाकडे शेवटचं बिल मागा. बिल दाखवायला कां-कूं करत असतील तर समजून जा.

उंबरठा: सिंकिंग फंड तर भाडेकरूने देऊच नये. उद्या बिल्डिंग त्यांची नवी होणार, आपण कोण? बाकी मेंटेनन्स मालकाचाच.

लिफ्टबंद: आमच्याकडे मेंटेनन्स घेतात आणि लिफ्ट सहा महिने बंद. आईला सातव्या मजल्यावर खुर्चीत बसवून नेली. सेक्रेटरींनी याचंही उत्तर द्यावं.

सेक्रेटरी_नाइलाजाने: तुमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मी नाही.

चावीवाला: मी एजंट आहे, शिव्या घालून झाल्या असतील तर बोलतो. रविवारी भर उन्हात घरं दाखवायची, जिने चढायचे, आणि पार्टी मागच्या दाराने मालकाला डायरेक्ट गाठते. एक महिन्याचं भाडं हा मुंबईचा चालू रेट आहे. घासाघीस करा, पंधरा दिवसांच्या भाड्यावर येणारेही भेटतील. पण घर दाखवायच्या आधी ठरवा, पसंत पडल्यावर नको.

उंबरठा: आणि मालकाकडूनही घेता ते सांगा ना. वर ११ महिन्यांनी रिन्यूअलला पुन्हा अर्धा महिना! कशाबद्दल?

चावीवाला: सगळे घेत नाहीत.

पावतीपुस्तक: गोदाकाठची दादा, तीन गोष्टी. ११ च्या जागी ३३ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करा, दरवर्षीची वाढ त्यातच लिहा, म्हणजे रिन्यूअलची दलाली वाचते. दुसरं, पूर्ण मुदतीचं भाडं आणि डिपॉझिटवरचं व्याज धरून ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी ११ महिन्यांना हजाराच्या आतच येते, नोंदणी फी १,०००. ३३ ला ड्युटी साधारण तिप्पट. मग ५,००० कसले, ते फोड करून विचारा. थोडे नोंदणीसाठी घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेणाऱ्याचे असतात, ते द्यावेत. तिसरं, मेंटेनन्स भाड्यातच घालून एकच आकडा करा. ऑफिसात घरभाडे भत्त्याला भाड्याची पावती चालते, मेंटेनन्सची नाही.

वडापाव_कोरडा: मी वर तेच म्हटलंय. मेंटेनन्स मालकाचा.

गोदाकाठची: मी ताई आहे :) मालक म्हणतात नोंदणी कशाला, नोटरी करू, पैसे वाचतील.

सेक्रेटरी_नाइलाजाने: अजिबात नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लेखी आणि नोंदणीकृत करार हवाच, आणि जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरतात. हे मालकाला गोड आवाजात वाचून दाखवा. आणि पोलीस व्हेरिफिकेशनही करून घ्या, सोसायटी विचारतेच.

फास्टलोकल: एवढ्या भानगडीत डोंबिवलीत हप्ता भरून स्वतःचं झालं असतं.

उंबरठा: हे घर सोडा ताई. आत्ताच पैशांवरून असे वागतात, तर डिपॉझिट परत देताना भिंतीवरचे खिळे मोजतील.

पावतीपुस्तक: +१. दुसरं बघा.

गोदाकाठची: सगळ्यांचे आभार. घर घेतलं. मेंटेनन्स आम्हीच देतोय, वेगळा. एजंटलाही पूर्ण महिना दिला. सासूबाईंचे गुडघे गेलेत. हे घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट चालू, खाली दवाखाना आणि समोर भाजीवाला. मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होईल. आणखी दोन महिने घरं बघत फिरायची ताकद नाही. बजेट ६०० ने हुकलं, ते बघू.

पण बिल मागितलं. सर्व्हिस चार्जेस १,६५० निघाले. मालक जरा वेळ बिलाकडे बघत राहिले, मग म्हणाले, ते १,००० राहू द्या, मी बघतो. करार ३३ महिन्यांचा, नोंदणी याच शनिवारी.

वडापाव_कोरडा: मेंटेनन्स द्यायला नको होता.

लिफ्टबंद: पहिल्या मजल्याला लिफ्ट कशाला लागते?

गोदाकाठची: गुडघे, हो. नाशिकहून सामान आणायला टेम्पोवाला कोणी सुचवेल का? कपाट सुटं होत नाही.

फास्टलोकल: डोंबिवलीत एक आहे ओळखीचा.